उठताना अडकणारं पोरगं: पेठेतली एक केस आणि स्ट्रॉम्बोलीचा ज्वालामुखी

केस माझ्या भाच्याची आहे. त्याला आणि ताईला विचारूनच लिहितोय, नावं कुणाचीच देत नाही, घरातल्यांची नाही आणि डॉक्टरांचीही नाही. मी कोल्हापुरात कॉलेजवर जिऑलॉजी शिकवतो, डॉक्टर नाही, त्यामुळे खाली औषधांचं जे येईल ते आमच्या पोराला काय दिलं एवढंच समजा, वाचून कुणी गोळ्या सुरू किंवा बंद करू नका राव.

पोरगं पेठेतलं, म्हणजे फुटबॉल आलाच. तालमीच्या ज्युनियर टीमला राइट विंगला खेळायचा. दहावीच्या वर्षी सुरू झालं ते असं, की हा बेंचवर बसलाय, कोच ओरडला "चल, वॉर्मअपला लाग", हा ताडकन उठला आणि दोन पावलांत उजवा हात कोपरात मुडपून छातीकडे गेला, बोटं वाकडी झाली, उजवा पाय आत वळला, तोंड एका बाजूला ओढलं, आणि पाच-दहा सेकंदांत सगळं साफ, जणू काही झालंच नाही. मग मैदानात पळाला तो पळालाच, खेळताना अजिबात काही नाही. लोकांना तेच पचत नव्हतं. पळताना होत नाही, लाथ मारताना होत नाही, उठतानाच कसं होतंय?

हळूहळू कळलं की फक्त मैदानावर नाही. केएमटीतून उतरताना, वर्गात हजेरीला उभं राहताना, बेल वाजली म्हणून दाराकडे जाताना, सिग्नल सुटल्यावर रस्ता ओलांडताना, दिवसातनं दहा-पंधरा वेळा तरी व्हायचं. पोरगं हुशार, त्यानं स्वतःच तोड काढली, उठायच्या आधी बुटाची लेस बांधल्यासारखं करायचं, पाय जरा हलवून घ्यायचा, मग सावकाश उठायचं, असं केलं की बऱ्याचदा टळायचं. पण बघणाऱ्याला वाटायचं ह्याला माज आलाय. कोच म्हणायचा, "ह्याला उठवायला काय पत्रिका छापू काय?"

घरात आणि भावकीत जे व्हायचं ते झालंच. कुणी बाहेरचं म्हणालं, उतारा टाकला, ताईनं ज्योतिबाचे खेटे बोलून ठेवले. एकदा गल्लीत अडकला तर शेजारच्या काकूंनी धावत जाऊन फोडलेला कांदा नाकाला लावला, आणि हा वाकड्या तोंडानंच म्हणतोय, "काकू, मी सुद्धीत हाय, कांदा काढा." हे वाक्य खरं तर निदानाच्या लै जवळ होतं, पण सगळे हसले आणि विषय संपला.

पहिल्या डॉक्टरांकडे ईईजी, म्हणजे मेंदूतल्या लहरींचा आलेख, नॉर्मल आला, एमआरआय नॉर्मल आला, तरी फिटच असणार म्हणून व्हॅलप्रोएट ही फिट्सची गोळी सुरू केली आणि फुटबॉल, पोहणं, गाडी सगळं बंद. पुढचे काही महिने पोरगं पेंगत राहिलं, वजन वाढलं, आणि अटॅक होते तेवढेच. मग एकानं सांगितलं की मनाचा विषय आहे, दहावीचं टेन्शन आत साठतंय आणि असं बाहेर पडतंय. दाजींना हे लगेच पटलं, कुकरमध्ये वाफ साठली की शिट्टी होणारच, असं ते चारचौघांत सांगायला लागले. ह्या कुकरकडे परत येतो, कारण तो अर्धा बरोबर आणि अर्धा चूक आहे, आणि कुठं चूक आहे तेच ह्या केसमधलं मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतं.

ह्या टप्प्यावर मी ताईला म्हणालो की प्रत्येक वेळी लिहून ठेव आणि जमलं तर मोबाईलवर शूटिंग कर. ही सवय माझ्या विषयातली. इटलीजवळच्या समुद्रात स्ट्रॉम्बोली म्हणून बेट आहे, अख्खं बेटच ज्वालामुखी, समुद्रसपाटीपासून साधारण 924 मीटर उंच, तिथं दर दहा-वीस मिनिटांनी एक छोटा स्फोट होतो आणि हे शेकडो वर्षं चाललंय. तिथल्या मोठ्या स्फोटांबद्दल जे काही समजलंय ते ह्या हजारो फुटकळ स्फोटांची वही ठेवूनच समजलंय. ताईनं दुधाच्या हिशोबाच्या वहीची मागची पानं घेतली. नोंदी अशा: "मंगळवार सकाळ. आंघोळीला हाक मारली. उठला. हात, तोंड. मी आठ म्हणेपर्यंत थांबलं." किंवा "रविवार. क्रिकेट बघत बसलेला. काही नाही. पाहुणे आले, उठला, पाय."

महिन्याभराच्या त्या पानांत जवळपास प्रत्येक ओळीत "उठला", "निघाला" नाहीतर "पळाला" होतं. झोपेत एकही नाही, नुसतं बसलेलं असताना एकही नाही, शुद्ध एकदाही गेली नाही, जीभ चावली नाही, नंतर ग्लानी नाही. गणपतीत मंडळात जागरण झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी मात्र पान भरलेलं. आणि एक गोष्ट मला आधी दिसली नव्हती, ती ताईनंच दाखवली, की एकदा झालं की पुढं थोडा वेळ कितीही उठबस केली तरी दुसरा येत नाही.

वही आणि दोन व्हिडिओ घेऊन आम्ही न्यूरोवाल्या मॅडमकडे गेलो. त्यांनी वही शांतपणे वाचली, रिपोर्ट बाजूला ठेवले आणि पोराला म्हणाल्या, "तू गप्प बसून राहा. मी सांगितलं की एकदम उठून दारापर्यंत पळायचं." मग मुद्दाम दुसरंच बोलत बसल्या, शाळा कुठली, पोझिशन कुठली, आणि मध्येच म्हणाल्या, "पळ!" पोरगं उठलं, उजवा हात वर चढला, मनगट आत फिरलं, गुडघा आत वळला, एका हातानं त्यानं खुर्चीची पाठ धरली. डोळे उघडे, मॅडमकडेच बघत होता. मॅडमनी विचारलं, "मी कुठल्या रंगाचा ड्रेस घातलाय?" दात आवळलेलेच, पण बोलला, "हिर...वा." तेवढ्यात सुटलं. लगेच परत बसवलं, परत पळवलं, तर काही नाही. मॅडम हसल्या, म्हणाल्या हे माझ्यासाठी सगळ्या मशिनींपेक्षा भारी आहे.

मग त्यांनी लहानपणीचं विचारलं. ताई म्हणाली सहा-सात महिन्यांचा असताना आकड्या आलेल्या, दोन-तीन महिने चालल्या आणि आपोआप गेल्या, आम्ही विसरून पण गेलो. दाजींची आई सोबत होती, ती तोपर्यंत कोपऱ्यात गप्प बसलेली, ती म्हणाली, "अवो, ह्याच्या बापाला बी पाळण्यात आकडी याची. डाग दिल्यात पोटावर." दाजी अवघडले, पण वण खरंच आहे. आणि मग धाकट्या काकांची गोष्ट निघाली. ते तरुणपणी पोलीस भरतीला गेलेले, धावण्यात एक नंबर, पण शिट्टी झाली की पहिल्या दोन पावलांत पाय मुरगळल्यासारखा व्हायचा आणि बाकीचे पुढं. दोनदा असं झाल्यावर त्यांनी नादच सोडला. पोरं त्यांना "सेल्फ मारतोय" म्हणून चिडवायची. तिशीनंतर ते आपोआप थांबलं, त्यांनी कुणाला कधी सांगितलंच नाही.

मॅडमनी पेन खाली ठेवला आणि नाव सांगितलं, पॅरॉक्सिस्मल कायनेसिजेनिक डिस्कायनेशिया, थोडक्यात पीकेडी. अचानक हालचालीनं सुरू होणारे, बहुतेक वेळा मिनिटाच्या आत संपणारे, शुद्ध न घालवणारे झटके. हा आजार थोड्या वेगळ्या नावानं 1967 पासून वैद्यकात आहे, 2004 मध्ये शंभरावर रुग्ण बघून त्याचे निकष छापून आले, आणि 2011 मध्ये चीनमधल्या संशोधकांनी अशा कुटुंबांत 16 व्या गुणसूत्रावरचा पीआरआरटी-2 नावाचा जीन शोधला. हाच जीन बिघडला की काही बाळांना पहिल्या वर्षात आकड्या येतात आणि जातात, काहींना शाळेच्या वयात हे झटके सुरू होतात, काहींना दोन्ही, आणि काहींना काहीच नाही. आमच्या घरात बाप, काका आणि पोरगं मिळून ह्यातले पहिले तिन्ही प्रकार दिसत होते. रक्त बेंगळुरूच्या लॅबला गेलं, पोराच्या आणि दाजींच्या दोघांच्याही रिपोर्टमध्ये तोच बदल आला. काकांनी टेस्ट नको म्हटलं, त्यांचं म्हणणं बरोबर होतं, "आता कळून मला कुठली भरती मिळणार हाय?"

आता मी स्ट्रॉम्बोली का घुसडतोय ते सांगतो. तिथल्या मोठ्या स्फोटांनाही शास्त्रात पॅरॉक्सिझमच म्हणतात. 2003 च्या एप्रिलमध्ये झाला, 2007 च्या मार्चमध्ये झाला, मग 2019 मध्ये दोन, 3 जुलैला आणि 28 ऑगस्टला. 3 जुलैचा तर भर दुपारी, पावणेपाचच्या सुमाराला, पर्यटकांच्या सीझनमध्ये, राखेचा खांब किलोमीटरभर नाही तर कितीतरी किलोमीटर वर गेला, डोंगर चढणाऱ्या एकाचा जीव गेला. बातम्यांत सगळीकडे एकच, काही कल्पना नसताना अचानक.

पण नंतर नोंदी उघडल्यावर वेगळंच चित्र निघालं. फ्लोरेन्स विद्यापीठाच्या मॉरिझिओ रिपेपे आणि त्यांच्या टीमनं डोंगरावर टिल्टमीटर बसवलेले आहेत, जमीन किती कललीय हे केसाहून बारीक मापात सांगणारी यंत्रं. त्यात दिसलं की पॅरॉक्सिझमच्या साधारण दहा मिनिटं आधी डोंगर फुगायला लागतो. आणि मजा अशी की रोजच्या छोट्या स्फोटाआधीही तो तसाच फुगतो, फक्त कमी आणि कमी वेळ. म्हणजे फुटकळ स्फोटांची वही ठेवली म्हणून मोठ्याची चाल ओळखता आली. त्यावर आता सायरनची ऑटोमॅटिक यंत्रणा चालते.

हा झाला तातडीचा हिशोब, मिनिटांचा. दुसरा संथ हिशोब असतो. रोजचे स्फोट वरच्या, स्फटिकांनी भरलेल्या काळ्या मॅग्मात, म्हणजे वितळलेल्या दगडात, वायूचे मोठे बुडबुडे फुटून होतात. पॅरॉक्सिझमला मात्र खालून, सात ते दहा किलोमीटरवरून, वायूनं भरलेला वेगळाच मॅग्मा झपाट्यानं वर येतो, त्याचा प्युमिस, म्हणजे बुडबुड्यांनी भरलेला हलका दगड, फिकट सोनेरी असतो, हातात घेतला तरी फरक कळतो. आणि तो खाली साठत असताना कार्बन डायऑक्साइड आधीच निसटायला लागतो. 2019 च्या स्फोटांआधी डोंगराच्या वायूत त्याचं प्रमाण महिनोनमहिने वाढलेलं होतं. तो कधी फुटेल ते ह्यावरून कळत नाही, पण डोंगर फुटायच्या अवस्थेत आहे का ते कळतं. दोन्ही लागतात. नुसता मिनिटांचा इशारा किती कामाचा, ते जपानच्या ओंताके ज्वालामुखीला विचारा. 27 सप्टेंबर 2014, शनिवार, डोंगरावर ट्रेकर्सची गर्दी, धोक्याची पातळी सगळ्यात खालची. 11 वाजून 41 मिनिटांनी जमीन थरथरायला लागली, 11:52 ला स्फोट. अकरा मिनिटं होती, पण वरच्या माणसांना त्याचा काही उपयोग झाला नाही. मृत आणि बेपत्ता मिळून 63.

(इथं एक सांगून टाकतो, कारण दर पावसाळ्यात कुणीतरी विचारतंच. पन्हाळा आणि ज्योतिबाचा डोंगर बेसॉल्टचे आहेत, ज्वालामुखीचाच दगड, पण तो सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी भेगांतून पसरलेला लाव्हा. पन्हाळा फुटणार नाही. भारतातला एकमेव जागृत ज्वालामुखी अंदमानातल्या बॅरन बेटावर आहे.)

फिट्सच्या संशोधनात अगदी हीच वाट दिसते. कित्येक वर्षं लोक ईईजीत फिटच्या आधीची काही मिनिटं खोदत बसले, तिथं काहीतरी खूण सापडेल म्हणून, आणि एका पेशंटवर सापडलेली खूण दुसऱ्यावर टिकायची नाही. 2013 मध्ये मेलबर्नच्या टीमनं 15 जणांच्या मेंदूवर कायमची यंत्रं बसवली, सोबत एक डबी, तिच्यावर धोका जास्त असेल तर लाल दिवा, कमी असेल तर निळा. काहींना ते छान चाललं, सगळ्यांना नाही. पण अशी महिनोनमहिने नोंद सुरू झाल्यावरच दुसरी गोष्ट उजेडात आली. 2018 मध्ये 37 पेशंटच्या नोंदींतून दिसलं की मेंदूतल्या चुकार लहरी दिवसांच्या आणि आठवड्यांच्या चक्रात कमी-जास्त होतात, अनेकांत तीन-चार आठवड्यांचं चक्र, आणि फिट बहुतेक चढत्या बाजूला येते. इथंही संथ हिशोबच जास्त कामाला आला. 2010 चा एक पेपरही आहे, 60 पेशंटच्या फिट्स आणि दक्षिण कॅलिफोर्नियाचे भूकंप एकाच गणितात बसवून दाखवणारा, छोटे खूप आणि मोठे थोडे, वगैरे. वर्गात सांगायला मस्त आहे, पण ताईसारख्या आईला त्याचा उपयोग शून्य, असं माझं स्पष्ट मत.

आमच्या केसला हे लावून बघा. तातडीचा हिशोब म्हणजे ते ताडकन उठणं, आणि त्याच्या आधी पोराला पायात मुंग्या आल्यासारखं वाटायचं ते एक-दोन सेकंद. संथ हिशोब म्हणजे जीन, वय, पाळण्यातल्या आकड्या, काकांची भरती, आणि आठवड्यापुरता बघायचा तर झोप. पहिल्या डॉक्टरांनी झटक्याच्या क्षणाचाच फोटो मागितला, ईईजी, तोही झटका नसताना काढलेला. काका आणि आजीला कुणी विचारलंच नाही.

आणि आता कुकर. स्ट्रॉम्बोलीला तो बऱ्यापैकी लागू पडतो, खरंच वायू साठतो, खरंच दाब वाढतो. पोराच्या डोक्यात तसं काही साठत नाही. पीआरआरटी-2 चं काम मज्जापेशींच्या सोडियम वाहिन्यांवर, म्हणजे पेशीत विजेचा संदेश सुरू करणाऱ्या बारीक दारांवर, आणि टोकाशी संदेश सोडण्यावर लगाम ठेवायचं. लगाम ढिला असेल तर हालचाल सुरू करतानाचा धक्का आवरला जात नाही, एवढंच. उंदरांवरच्या 2021 च्या कामात दिसलं की लहान मेंदूत एक लाट पसरते आणि तेवढा भाग काही काळ गप्प होतो. म्हणून पहिल्यानंतर दुसरा लगेच येत नाही, असा माझा तर्क आहे, वाफ निघून गेली म्हणून नाही. फरक नुसता बोलण्यापुरता नाही. कुकर धरून चाललात तर उपाय निघतो टेन्शन कमी करा, खेळ बंद करा. सोडियम वाहिनी धरून चाललात तर उपाय निघतो ती वाहिनी जरा दाबणारी गोळी.

ती गोळी कार्बामॅझेपिन, फिट्सची जुनी, स्वस्त गोळी, पण पीकेडीला फिट्सपेक्षा कितीतरी कमी डोस पुरतो. सुरू करायच्या आधी मॅडमनी एचएलए-बी 1502 ही टेस्ट करून घेतली, कारण जीनचा हा प्रकार ज्यांच्यात असतो त्यांच्यात ही गोळी कातडीची जीवघेणी रिअॅक्शन करू शकते, आणि तो आशियाई लोकांत जास्त सापडतो, अमेरिकेच्या एफडीएनं 2007 पासून त्यांच्यासाठी ही टेस्ट सांगितलेली आहे. आमची निगेटिव्ह आली, तरी पहिले काही आठवडे अंगावर पुरळ, तोंडात फोड, ताप असं काही दिसलं तर गोळी थांबवून लगेच फोन करायचा अशी सक्त ताकीद. व्हॅलप्रोएट मॅडमनी सांगितलं तसं हळूहळू बंद केलं. रात्री 100 मिलिग्रॅम सुरू झालं आणि त्याच आठवड्यात ताईच्या वहीची पानं कोरी जायला लागली. ताई आधी घाबरली, म्हणाली मी बघत नसताना होत असेल.

पोरगं आता बारावीत आहे. टीममध्ये परत आलाय, अजून बेंचवरच जास्त असतो, पण ते त्याच्या फर्स्ट टचमुळे, त्याला मामा काही करू शकत नाही. जागरण झालं किंवा गोळी चुकली की एखादा झटका येतो, तो हात झटकून पुढं जातो. कोचला मॅडमनी लिहून दिलेली चिठ्ठी दाखवली, तर तो म्हणाला, "मग आधी सांगायचं न्हाई व्हय!" दाजींचा कुकर बंद झालाय, पण पूर्ण नाही, पाहुण्यांना अजून "टेन्शनचं होतं, गेलं" असंच सांगतात. जीन म्हटलं की पोरीच्या लग्नाचा विषय निघतो, धाकटी भाची आहे, नववीत. तिला काही त्रास नाही, मॅडमचं म्हणणं की लक्षणं नसताना टेस्टची घाई नको, आणि ताईलाही ते पटलंय. गोळी किती वर्षं हा प्रश्न उरतो. बऱ्याच जणांचे झटके विशी-तिशीत कमी होत जातात, काकांसारखे, त्यामुळे मध्येमध्ये डोस कमी करून बघतात. पुढची व्हिजिट दिवाळीनंतर आहे. पोराला तेव्हाच अर्धी करून बघायचीय, ताई म्हणतेय बोर्डाची परीक्षा होईपर्यंत हात लावायचा नाही, आणि मी ताईच्या बाजूला आहे.